बोम्मसंद्र्याच्या शेडमधला डोंगर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मल्लेश्वरममध्ये एका नव्या बाईंशी ओळख झाली. पुण्याहून नुकत्याच आलेल्या, मुलगा आयटीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सरळ सांगून टाकलं, "बोम्मसंद्र्याला पोरांना बर्फावरून घसरायला शिकवते." बाईंचा तिळगुळाचा हात तोंडाशी जाऊन थांबला. "बोम्मसंद्र्याला? तिथे तर नुसते कारखाने ना? बर्फ कुठाय?" म्हटलं, "बर्फ नाही वो, नुसतं घसरणं आहे." त्यांनी शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि विषय वांगी-भाताच्या मसाल्यावर गेला.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा मला त्याच बाई आठवल्या. त्यांना त्या दिवशी नीट सांगायचं राहून गेलं. आता सावकाश सांगते, बसा.

मी मूळची निपाणीची. लग्न करून बंगळुरूला आले आणि मुलींच्या शाळेत पीटीची बाई झाले. शिट्टी, लेझीम, कवायत, "ए, दात काय काढतेस, हात वर कर!" अशी माझी सगळी नोकरी गेली. त्यात एकदा शिक्षकांसाठीच्या साहसशिबिराला शाळेतून कुणीतरी हिमाचलला जायचं होतं. थंडीचं नाव काढताच सगळ्यांची गुडघेदुखी बाहेर आली. मी गेले. तिथे पायात दोन लांब पट्ट्या बांधल्या, कुणीतरी मागून ढकललं, आणि मी पंचवीस वर्षांची घोडी किंचाळत किंचाळत खाली गेले आणि एका झाडाला मिठी मारून थांबले. झाडाने काही म्हटलं नाही. मला मात्र वेड लागलं ते लागलंच. त्यानंतर रजा मिळेल त्या हिवाळ्यात मी वर. आमचे 'हे' म्हणायचे, "लोक माहेरी जातात, ही बर्फात जाते."

शाळेतून निवृत्त झाले, आणि माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने बोम्मसंद्र्याला एक रिकामी शेड घेऊन त्यात स्कीचा गालिचा बसवला. मला म्हणाली, "मिस, तुम्ही शिकवायला या." मी नारळ फोडायच्या आधीच हजर.

आता गालिचा म्हणजे काय, ते सांगते. व्यायामशाळेत धावायचा पट्टा असतो ना, तसाच, पण दोन खोल्या मावतील एवढा मोठा आणि उतारावर तिरका बसवलेला. वर जाड दोऱ्यांचा गालिचा, त्यावर सतत पाणी मारायचं म्हणजे तो बर्फासारखा निसरडा होतो. गालिचा खालून वर फिरतो. तुम्ही त्याच वेगाने वरून खाली घसरता. म्हणजे घाम गाळून, जीव मुठीत धरून तासभर घसरायचं आणि जागचं हलायचं नाही. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "हे तर सरकारी कचेरीसारखंच झालं की!" ते स्वतः सरकारी कचेरीतूनच निवृत्त झालेत, त्यामुळे मी काही बोलले नाही.

पायातल्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब केल्या की वेग कमी होतो. परदेशात या आकाराला पिझ्झा म्हणतात म्हणे. आमच्याकडे समोसा. "समोसा मोठा कर! अजून मोठा! दोन रुपयांचा काय करतेस!" असं मी ओरडत असते. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून घसरायचं ते स्नोबोर्ड. पट्टीवाले कसेही पडतात, बोर्डवाले ठरवून ढुंगणावर पडतात, एवढाच मला समजलेला फरक. बोर्ड मला कधी जमलं नाही आणि आता गुडघे जमू देणार नाहीत, याची रुखरुख आहे खरी.

गालिच्याच्या बाजूला एक खोका, त्यात बटणं, आणि बटणांपाशी लोकेशण्णा. लोकेशण्णा पूर्वी कापडाच्या गिरणीत होते. डोळे अर्धे मिटलेले, पण कुणी डगमगलं की बोट बटणावर. पोरं घाबरली की ओरडतात, "अण्णा, निल्सी!" निल्सी म्हणजे थांबवा. बंगळुरूच्या बसमध्ये उतरायच्या वेळी सगळे तेच ओरडतात. लोकेशण्णा गालिचा थांबवतात, "आयतु, आयतु," म्हणजे झालं, झालं, म्हणतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ही निल्सीची सवय पुढे आम्हाला किती महागात पडणार होती, ते तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना! एक गृहस्थ स्वित्झर्लंडला निघाले होते. "फक्त फोटोपुरतं शिकवा," म्हणाले. एप्रिलचा महिना, वर पत्र्याची शेड, आणि हे भाड्याने आणलेला जाडजूड कोट, कानटोपी, हातमोजे घालून गालिच्यावर उभे. घामाने असे निथळले की गालिच्यावर वेगळं पाणी मारायची गरज राहिली नाही. आणि एक जोडपं लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलं, त्यांच्या फोटोग्राफरने बर्फ म्हणून पोतंभर थर्माकोलचे दाणे उधळले. ते सगळे पट्ट्यात गेले. लोकेशण्णा कितीतरी दिवस चिमट्याने दाणे काढत होते आणि वधूवरांना कन्नडमध्ये जो आशीर्वाद देत होते तो मी इथे लिहीत नाही.

पण गिऱ्हाइकं हा आमचा दुसऱ्या पाळीचा धंदा. शनिवार-रविवार सकाळी शेड आसपासच्या कामगार वस्तीतल्या पोरांची. चौदा-पंधरापासून अठरापर्यंतची, म्हणजे घरात कुणाचं ऐकत नाहीत अशी. प्रत्येकाला आयटी-बियटीतून आपणहून आलेला एक मोठा माणूस जोडून द्यायचा, आणि दोघांनी एकाच दिवशी शून्यापासून सुरुवात करायची. मोठ्याने उपदेश करायचा नाही. करणार कसा? तोच आधी पडतो. पंधरा वर्षांच्या पोराने टीमलीडर साहेबांना काखेत हात घालून उठवलं, की पुढच्या गप्पांचा सूरच बदलतो.

आणि खऱ्या गप्पा घसरताना होतच नाहीत. त्या होतात बूट घालताना. स्कीचे बूट म्हणजे प्लास्टिकचा तुरुंग. पाय आत घालायला जोर लावायचा, कड्या ओढायच्या, शेजारच्याने गुडघ्यावर दाबून धरायचं. सगळ्यांच्या माना खाली. मान खाली असली आणि हात कामात असले की पोरं काहीही सांगून टाकतात. वडील दारू सोडत नाहीत, गणितात तिसऱ्यांदा नापास झालो, वर्गातली एक मुलगी आवडते. मी बाकड्यावर बसून कड्या ओढते आणि "हं" म्हणते. त्या "हं"मध्येच माझी अर्धी नोकरी आहे. सगळी पोरं टिकतात असं नाही. संतोष नावाचा एक गुणी पोरगा घर बदलून होसूरला गेला आणि पुन्हा दिसला नाही. मी त्याचा पत्तासुद्धा विचारून ठेवला नव्हता. अजून बस होसूरकडे वळताना दिसली की मी खिडकीतली तोंडं बघते.

त्याच बाकड्यावर मला भाग्या सापडली.

भाग्या चिकोडीकडची. वडील नाहीत. आई शांताबाई बोम्मसंद्र्यालाच एका कारखान्यात पॅकिंगला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत जे सुचेल ते. तिला जोडून दिला होता कौस्तुभ, पुण्याचा, आयटीतला. पहिल्याच दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला. "अक्का, बेसिकली मी तिच्या गोल्सचं एक प्रेझेंटेशन केलंय." मी म्हटलं, "सरी, बरं, आधी बूट घाल." त्याने बूट उलट्या पायांत घातले. भाग्याने गुडघ्यावर बसून ते काढले, नीट घातले आणि म्हणाली, "सर, तुम्ही स्वल्प घाई करताय." ते प्रेझेंटेशन आजतागायत कुणी बघितलेलं नाही.

भाग्या पटापट शिकली. पण तिचा खरा हात होता शिकवण्यात. गालिच्यावर नवख्याला शिकवायचं तर आपण त्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून, पाठीने खाली घसरायचं आणि त्याचे हात धरायचे. ही उलटी चाल भल्याभल्यांना जमत नाही. भाग्याला महिन्याभरात जमली. रडणारं पोर असो की ओरडणारा मॅनेजर, ती समोर उभी राहून म्हणायची, "पायाकडं नको, माझ्याकडं बघा. माझ्या नाकाकडं बघा." आणि माणूस खरंच तिच्या नाकाकडे बघत घसरायला लागायचा. माझ्या मनात तेव्हाच पक्कं झालं. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. माझ्या जागी ही.

पण गालिच्यावर शिकून शिक्षक होता येत नाही. त्यासाठी वर डोंगरात जाऊन खऱ्या बर्फावर लांबलचक कोर्स करावा लागतो. दर हिवाळ्यात आम्ही पोरांना हिमाचलात आठवड्याचं शिबिर करतो. तिथले ठाकूर सर माझे जुने दोस्त. आमचं शिबिर संपलं की लगेच त्यांचा शिक्षकांचा कोर्स सुरू होणार होता, आणि ते भाग्याला ठेवून घ्यायला तयार होते. "पहले देखूँगा," एवढीच त्यांची अट.

बाकड्यावर कड्या ओढता ओढता मी भाग्याला हे सांगितलं. तिने मान वर केली नाही. "अक्का, आई न्हाई म्हणणार. माझी जागा ठरलीय. आईच्याच लाईनीवर, पुढच्या महिन्यापासून."

मी त्यांच्या घरी गेले. शांताबाईंनी चहा दिला, वर तूप लावून भाकरी दिली आणि मग सरळ विचारलं, "अक्का, घसरून पोट भरतंय का कुणाचं?" मी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. त्या हसल्या नाहीत. "तुमची गोष्ट येगळी. हिची जागा मी कशी धरून ठिवल्या मला म्हाईत. सुपरवायझरच्या किती मिनत्या केल्या. एकदा गेली की दुसरी पोरगी हुबी." मग अजून एक भाकरी वाढत म्हणाल्या, "मी येतो तुमच्यासंगं. माझ्या डोळ्यानं बघतो. बरं वाटलं तर राहील. न्हाई वाटलं तर संगंच परत, आणि परत त्या शेडचं नाव काढायचं न्हाई." आमच्या भागात बायका कधी कधी 'येतो, बघतो' असंच बोलतात. त्या बोलण्यात जरब होती. भाग्या दाराआडून ऐकत होती.

झालं! बंगळुरूहून दिल्ली रेल्वेने, दिल्लीहून बस, आणि सगळा प्रवास पोरांची अंताक्षरी. कौस्तुभ आपलं स्नोबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता, टीसीने विचारलं, "ये इस्त्री का टेबल है क्या?" शांताबाई मात्र खिडकीशी गप्प. थंडी वाढत गेली तसे त्यांच्या अंगावरचे कपडे वाढत गेले. पोचेपर्यंत लुगड्याच्या आत दोन पॅंट, वर दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी.

आणि मग बर्फ! अहो, काय सांगू! ज्या पोरांनी आयुष्यात बर्फ फक्त मज्जिगेच्या, म्हणजे ताकाच्या ग्लासात, नाहीतर मासळी बाजारात बघितला होता, ती पोरं त्यात लोळली, त्यांनी एकमेकांच्या कॉलरीत तो कोंबला, एकाने चक्क खाल्ला आणि म्हणाला, "अक्का, मीठ कमी आहे." मी म्हातारी त्यांच्या बरोबरीने लोळले. ठाकूर सर लांबून बघत होते, "मंगल जी, बच्चों को संभालने आई हो या बच्चों के साथ आई हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी फौज उतारावर. पट्ट्या बांधल्या, एका रांगेत उभी राहिली, गुडघे वाकवले, समोसा केला. छान! मी मनातल्या मनात छाती फुगवली. ठाकूर सर म्हणाले, "चलो!" कुणी हललं नाही. सर परत म्हणाले, "चलो बेटा!" सगळे तसेच, गुडघे वाकवून, समोर बघत. शेवटी भाग्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अक्का, चालू करा की."

मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथेच बर्फात बसले, हसून हसून पोट दुखेपर्यंत. ही पोरं डोंगर चालू व्हायची वाट बघत होती! त्यांच्या आयुष्यात आजवर डोंगरच त्यांच्याकडे चालत आला होता. मी ओरडले, "अरे बाबांनो, हा डोंगर जागचा हलत नाही! तुम्हाला जायचंय!"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि निघाली. एक पडला, दुसरा त्याच्यावर, तिसरा वळायला गेला आणि उलट्या तोंडाने थांबला. जे कसेबसे खाली पोचले, त्यांनी नवी तक्रार मांडली. "अक्का, आता परत वर चालत जायचं? पट्ट्या घालून? आडवं आडवं? ही फसवणूक आहे!"

भाग्या सगळ्यांत शेवटी निघाली. आमची हुकमी पोरगी. खाली चहाच्या टपरीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत शांताबाई बसल्या होत्या, परीक्षकासारख्या, हातात चहा. भाग्याला आईला दाखवायचं होतं. समोसा न करता पट्ट्या सरळ ठेवून निघाली. वेग वाढला. अजून वाढला. मी वरून बघत होते, म्हटलं, आता करेल समोसा, आता करेल. तिने समोसा केला नाही. तिने हात वर केला आणि सगळ्या दरीत घुमेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "अण्णा, निल्सी! निल्सी अण्णा, निल्सी!"

लोकेशण्णा त्या वेळी बोम्मसंद्र्याला उपमा खात असतील.

भाग्या टपरीच्या बाजूला साचलेल्या बर्फाच्या ढिगात शिरली. बाहेर राहिल्या त्या दोन पट्ट्या, फुलीसारख्या. ठाकूर सर गोंधळून मला विचारायला लागले, "ये किस अण्णा को बुला रही थी?" आम्ही धावत गेलो. ओढून काढली तर नाकातोंडात बर्फ आणि फिदीफिदी हसतेय. काही लागलं नव्हतं. सगळी पोरं हसायला लागली, टपरीवालाही हसला.

शांताबाई हसल्या नाहीत. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "सामान बांध."

मी खूप समजावलं. परतीची तिकिटं शिबिर संपल्यानंतरची होती, त्यामुळे राहायला त्या तयार झाल्या. "पन त्या पट्ट्या पायात घालायच्या न्हाईत आता," म्हणाल्या. भाग्याचं हसणं तिथंच गेलं. ती बाकड्यावर बसली, बूटसुद्धा काढेना, आणि ढसाढसा रडली. त्या संध्याकाळी पोरांनी तिला हसवायचे सगळे प्रकार केले. कौस्तुभ तर तिच्यासमोर मुद्दाम दोनदा पडला आणि तिसऱ्यांदा मुद्दाम नाही. तिने बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं वर गेली. भाग्या बाकड्यावर, बूट घालून, नुसती. मी तिच्या शेजारी. तेवढ्यात शांताबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अक्का, काल ही एवढी जोरात पडली तर हसली. आणि घालू नको म्हटलं तर रडली. मला कळंना झालंय. काय हाय एवढं त्यात?"

"मला काय सांगता येणार?" मी म्हटलं.

"मग घाला माझ्या पायात."

मी बघतच राहिले. भाग्याचे डोळे हे एवढे! शांताबाई बाकड्यावर बसल्या, लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, जसा त्या पूर्वी शेतात चिखलात उतरताना मारत असतील, आणि पाय पुढे केला. "आणि मला हीच धरंल. दुसरं कोण न्हाई."

भाग्या खाली बसून आईच्या पायात बूट चढवायला लागली. मी गुडघ्यावर दाबून धरलं. तिघींच्या माना खाली. कड्या ओढताना शांताबाई स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "लाईनीवर तू माझ्या शेजारी असशील. हात लांब केला की लागशील. हितं घसरलीस तर मी कुठनं धरू तुला?" भाग्याने शेवटची कडी लावली, दोन्ही हातांनी बूट हलवून बघितला आणि गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं, "बोटं हलतात का?"

ठाकूर सरांनी हात जोडले. "मंगल जी, कल ही तो लड़की रुक नहीं पाई. माँ को लेकर?" मी म्हटलं, सर, एक बार देखिए. मला एक गोष्ट रात्रभर डोक्यात घुमून सकाळी लक्षात आली होती. सरळ घसरताना भाग्या लोकेशण्णांच्या भरवशावर असायची. पण उलट्या चालीत, समोर कुणाचे हात धरलेले असताना, तिने कधीही निल्सी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. समोरच्याला ती स्वतःच थांबवायची. हे खरं की माझी नुसती आशा, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळ्यांत सौम्य उतार निवडला आणि मी देवाचं नाव घेतलं.

निघाल्या दोघी. आई समोर तोंड करून, लेक तिच्याकडे तोंड करून, पाठीने. पोरं जिथे होती तिथे थांबली. सगळा डोंगर चिडीचूप. फक्त भाग्याचा आवाज.

"आई, डोळे उघड."

"न्हाई!"

"आई, पायाकडं नको. माझ्या नाकाकडं बघ."

"तुझ्या नाकात काय हाय?"

"आई, गुडघा वाकव. भांडी घासताना वाकवतीस तसा. हां. टाचा लांब. अजून. सरी, सरी, छान!"

मध्येच शांताबाईंच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्या. बाई डगमगल्या, किंचाळल्या, आणि दोघी जोरात खाली यायला लागल्या. भाग्याने उलट्या चालीतला उलटा समोसा केला, पुढची टोकं अशी फाकवली की बर्फाचा भुगा उडाला, दोन्ही हातांनी आईला तोलून धरलं आणि जागच्या जागी थांबवलं. कुणालाही हाक न मारता. आईच्या पट्ट्या नीट केल्या. "पडली नाहीस बघ," म्हणाली. आणि परत निघाली.

दोघी टपरीसमोर त्या प्लास्टिकच्या खुर्चीपाशी येऊन बरोब्बर थांबल्या. पोरांनी जो ओरडा केला तो बंगळुरूला ऐकू गेला असेल. मी रडत होते, मला लाज नाही सांगायला. ठाकूर सर पुढे येऊन म्हणाले, "रुकना हम सिखा देंगे. इसको कोर्स में बिठाओ." आणि शांताबाईंकडे बघून नम्रपणे विचारलं, "माताजी, हाँ?"

शांताबाईंनी डोळ्यांवर आलेली माकडटोपी वर सारली. मागे वळून सगळा उतार खालपासून वरपर्यंत बघितला. "परत," म्हणाल्या.

मग काय विचारता! बाई आडवी आडवी पावलं टाकत, फुसफुसत, लुगड्याला बर्फ लागलेला, स्वतःच्या पायांनी चढायला लागल्या. पोरं दोन्ही बाजूंनी "शांताक्का! शांताक्का!" करून ओरडत होती. त्या धापा टाकत त्यांनाच दम देत होत्या, "गप बसा रे मेल्यांनो, तोल जातोय माझा!" दुसऱ्यांदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या. तिसऱ्यांदा भाग्याने एक हात सोडला तर "धर गं!" म्हणून शिव्या घातल्या, आणि चौथ्यांदा स्वतःच म्हणाल्या, "सोड बघू एक." पण राहायचं की नाही, त्यावर अवाक्षर नाही. भाग्या विचारायला धजत नव्हती, मीही नाही.

दुपारी शांताबाई अर्ध्या चढावर होत्या तेव्हा त्यांचा फोन वाजला. तो त्यांनी सांभाळायला कौस्तुभच्या खिशात दिला होता. कौस्तुभ दोन्ही पाय फळीला बांधलेले, बेडकासारखा उड्या मारत वर आला. "मावशी, सुपरवायझरचा आहे!" टोपीमुळे ऐकू येईना म्हणून शांताबाईंनी त्याला स्पीकर लावायला लावला. भाग्या खाली उभी राहून ऐकत होती. बोलणं कन्नडमध्ये झालं, मी मराठीत सांगते.

सुपरवायझर म्हणाला, "अम्मा, एक तारखेला मुलीला पाठवताय ना? नाव लावतोय."

शांताबाई म्हणाल्या, "नको लावू. ती येणार नाही."

"का? लग्न ठरलं काय?"

"लग्न कशाला ठरंल! कामाला लागली. मास्तरीण झाली."

"मास्तरीण?" तो हसला. "अहो, ती आत्ता तर बारावी झाली. कुणाला शिकवणार ती?"

शांताबाई एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कौस्तुभचा खांदा धरून, त्या उतारावर तिरक्या उभ्या होत्या. खाली लेकीकडे बघितलं.

"मला शिकवलंय तिनं," त्या फोनवर ओरडल्या. "अजून कोण पाहिजे?"